कार्मेलबायच्या तोंडातला बर्फ

मार्केटात माझ्या डाव्या हाताची जागा दोन वर्षं झाली तरी मला रिकामीच वाटते. तिथे आता रेजीनाची सून बसते. चांगली मुलगी आहे, हसून बोलते, मासळी झटपट कापते. पण कुणी गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी अजून डावीकडे बघते. आता कार्मेलबाय थर्मासचं झाकण उघडेल, बर्फाचा खडा तोंडात टाकेल आणि एक गाल फुगवून समोर बघत बसेल, असं वाटतं.

नव्या गिऱ्हाइकांना वाटे, म्हातारीला बर्फाची आवड आहे. एक बाई तर तिला म्हणाली होती, "मावशी, दात ठणकतील." कार्मेलबायने मान हलवली. बर्फ विरघळेपर्यंत ती बोलत नसे, हा तिचा नियम होता. विरघळल्यावर म्हणाली, "दात ठनकले तर ठनकूदे. माझ्या तोंडानं लोकांची काळजं ठनकलीत."

आम्ही दोघी पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या. सकाळी बंदरावर लिलावात मासळी घ्यायची, टेम्पोत टोपल्या टाकायच्या आणि मार्केट गाठायचं. कार्मेलबाय उंच, रुंद हाडाची. लाल चौकड्यांचं लुगडं गुडघ्यापर्यंत कसलेलं. तिचा आवाज बंदरावरून निघाला की पाण्यातल्या होडीवरचा माणूस मागे वळून बघे. त्या आवाजात ती शिव्या देई. शिव्यांचं आमच्याकडे कुणाला फारसं वाटत नाही, पण तिचं तोंड नुसतं शिव्यांचं नव्हतं. तिला माणसाचं दुखरं ठिकाण बरोबर कळे. लंगड्याला त्याच्या पायावरून, विधवेला तिच्या गेलेल्या नवऱ्यावरून, आणि तेही असं काही बोलून जाई की बाजूच्या चार बाया हसत. ज्याच्यावर बोललं तो सोडून सगळे हसत. मीही हसले आहे. ते लिहून ठेवते.

मी तिच्या शेजारी बसायला लागले तेव्हा मला गिऱ्हाइकाला हाक मारायचीही लाज वाटे. कार्मेलबायच माझ्यासाठी ओरडे, "ये, इकडं ये, हिचे बोंबील बघ, हिला तोंड नाय पन मासळीला डोळे हायत." मला तिची भीती वाटे आणि तिच्याशिवाय करमतही नसे.

तिचा एकच मुलगा, आंद्रू. त्याने पापडी गावची मुलगी केली. प्रिस्का. माहेरी केळीची वाडी, घरात सगळे शिकलेले, मासळीची टोपली तिने कधी डोक्यावर घेतलेली नव्हती. कार्मेलबाय तिला "वाडीवाली" म्हणे. तरी सुरुवातीला घरात बरं चाललं होतं. मग प्रिस्काला दिवस राहिले आणि पोर पोटातच गेलं. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा पाचव्या महिन्यात गेलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी आम्ही पाच-सहा जणी कार्मेलबायच्या अंगणात बोंबील वाळत घालत होतो. एकीने विचारलं, "सून कुठं हाय गो? अजून झोपूनच?" आणि कार्मेलबाय हातातला सुका बोंबील वर धरून म्हणाली, "सुकलेल्या बोंबलाच्या पोटात गाभोळी शोधतोय आमी, तिला कशाला उठवू?"

गाभोळी म्हणजे मासळीच्या पोटातली अंडी. सगळ्या हसल्या. मी दाराच्या बाजूला तोंड करून बसले होते. प्रिस्का दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या होता, आमच्यासाठीच आणलेला. तिने तो उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली. कार्मेलबायची पाठ होती, तिने बघितलं नाही. मी बघितलं आणि कुणाला काही बोलले नाही. मला वाटलं, आपण काय बोलणार.

महिन्याभरात आंद्रूने विरारला फुलपाड्यात खोली घेतली. तिथेच मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात त्याला काम मिळालं. तो आईला फोन करी, सणाला येऊन जाई. प्रिस्का पुन्हा आली नाही.

कार्मेलबाय रागाने फादरांकडे गेली, सुनेची तक्रार सांगायला. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि बायबल उघडून पौलाच्या पत्रातली एक ओळ वाचून दाखवली. तुमच्या तोंडातून कुजकं काही निघू नये. समोरच्याला ज्याची गरज आहे, ज्याने त्याचं भलं होईल, तेवढंच निघावं, अशा अर्थाची. ती दुसऱ्या दिवशी मार्केटात आली ती धुमसतच.

"मना सांगतात कुजकं. चाळीस वर्षं मासळी विकते, एक कुजका मासा कधी कुनाच्या पिशवीत टाकला नाय मी."

दुपारी गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा तिने टोपलीखालून कागदात गुंडाळलेलं बायबल काढलं. तिच्या नवऱ्याचं होतं, तो गेल्यापासून कपाटात होतं. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, "सिसिल, तू चौथी शिकलीस ना? ती ओळ काढ."

ती ओळ शोधायला मला तीन दिवस लागले. बोट ठेवून वाचायची मला सवय. सापडली तेव्हा मी हळू वाचली. ती म्हणाली, "परत." मी परत वाचली. चार-पाच वेळा वाचायला लावली. मग बराच वेळ समोरच्या पापलेटांवर पाणी मारत राहिली आणि म्हणाली, "मासा घेताना आपन कल्ला उघडून बघतो. लाल हाय का काळा पडलाय. बोलताना कोन बघतं गो?"

तेव्हापासून ते सुरू झालं. रोज दुकान मांडल्यावर मी एक ओळ वाचायची. तिला आवडली तर ती दिवसभर तीच म्हणत राही, नाही आवडली तर "दुसरी काढ" म्हणे. स्तोत्रातली एक तिची फार लाडकी होती. देवा, माझ्या तोंडावर पहारा बसव, माझ्या ओठांचं दार राख. ती ऐकली की ती ओठांवर हात ठेवी. बर्फही त्यातूनच आला. म्हणाली, "देवाला एवढी कामं, त्यात माझ्या दारावर कुठं उभा राहील? आपला पहारेकरी आपनच ठेवावा." मार्केटातल्या बर्फाला मासळीचा वास, म्हणून घरून थर्मासमध्ये बर्फ आणायला लागली.

पहिले काही महिने थर्मास दुपारच्या आत रिकामा होई.

बाया तिची चेष्टा करत. लिलाव करणारा इनास तर मुद्दाम ओरडे, "काय कार्मेल, आज पौल काय म्हनाला?" ती उत्तर देई, "म्हनाला, इनासच्या वजनकाट्याची विचारपूस कर." मग एकदम थांबे, कल्ला बघितल्यासारखी. "नाय, हे मी म्हनाले, पौल नाय." आणि बर्फ तोंडात.

एकदा रेजीना आणि फिलू बोंबलाच्या एका ढिगावरून भांडायला लागल्या. दोघींनी एकमेकींच्या आईबापाचा उद्धार केला. फिलूने कोयता खाली ठेवला आणि पदर खोचला. कार्मेलबाय दोघींच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, "सिसिल, वाच." सगळं मार्केट बघत होतं. मी पहाऱ्याची ओळ वाचली, आवाज पुरता फुटलाच नाही. रेजीना म्हणाली, "काय म्हनते ती?" कार्मेलबायने मोठ्याने सांगितलं, "देवा, माझ्या तोंडावर पहारा बसव." फिलू म्हणाली, "हिचा पहारेकरी कवाच पळून गेला," आणि रेजीना म्हणाली, "तुझाबी त्याच्यासंगंच गेला," आणि दोघींना एकदम हसू आलं. ढीग अर्धा-अर्धा झाला. त्या दिवसापासून मार्केटात कुणाचं तोंड सुटलं की कुणीतरी बाजूने म्हणे, "कल्ला बघ गो." आधी चेष्टेने म्हणत. मग सवयीने.

ती साधी झाली असं मात्र नाही. फ्लॅटमधले एक साहेब यायचे, पापलेटांत बोट खुपसून बघायचे आणि "बासी है" म्हणायचे. पूर्वी तिने त्यांच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आता ती म्हणाली, "साहेब, तुमचं बोट चांगलं हाय, माझ्या पापलेटाचं पोटबी चांगलं हाय. दोगांना कशाला तरास देता?" साहेब हसले, आणि नंतर दर रविवारी तिच्याकडेच यायला लागले.

मला ती एकदा जे बोलली ते मी विसरलेले नाही. आम्ही डबे उघडून जेवत होतो. मी म्हटलं, "तुमी किती बदललात. मना तर कुनाला वाईट बोलायची हिंमतच नाय." मला वाटलं ती शाबासकी देईल. ती म्हणाली, "तुझं तोंड स्वच्छ हाय गो. पन रिकाम्या टोपलीलाबी वास येत नाय. त्या ओळीत नुसतं कुजकं टाकू नको एवढंच हाय काय? पुढचं वाच. समोरच्याला गरज हाय ते दे, असंबी हाय." मी भात चिवडत बसले. मला अंगणातला तांब्या आठवला.

प्रिस्काचं नाव ती क्वचितच काढी. पण दर महिन्याला माझ्या हाती तिच्यासाठी मासळी देई. माझी बहीण फुलपाड्यात राहते, मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जाते. जाताना आंद्रूच्या दुकानात केळीच्या पानात बांधलेली मासळी द्यायची. कधी रावस, कधी पापलेट. आणि पावसाळ्यात, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात तेव्हा, खाडीची बोय. गाभोळीने भरलेली. आमच्यात ती कुणालाही देत नाहीत. अंड्यांनी भरलेलं पोट असं टम्म असतं, ती तळून घरातल्या लाडक्या माणसाच्या ताटात वाढतात. कार्मेलबाय दहा बोयांची पोटं दाबून बघे आणि सगळ्यांत भरलेली प्रिस्कासाठी काढे. विकायला ठेवत नसे, कुणी कितीही मागितली तरी.

"जाऊन बोला ना तिच्याशी," मी अकरा वर्षांत एकदाच म्हटलं असेन. ती म्हणाली, "वाईट बोलताना कशी दांडगाई करून निघतात गो शब्द. आनि हे एवढंसं वाक्य, घशातून वर येत नाय. मासळी तरी जातेय ना."

अकराव्या पावसाळ्यात आंद्रूचं दुकान बंद होतं. मी पत्ता विचारत तिसऱ्या मजल्यावर गेले. प्रिस्काने दार उघडलं. मला तिने ओळखलं, आत बसवलं. केसांत थोडं पांढरं आलं होतं. घरात दोघांचीच भांडी. तिने पान सोडलं, बोयीच्या पोटावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "यंदाही गाभोळीचीच."

मला वाटलं ती खूश आहे. मी हसले.

"मावशी, आईंना सांगा, मला कळलंय. दरवर्षी आठवण करून द्यायची गरज नाही. सुक्या बोंबलाला गाभोळी मिळत नाही, मी विसरले नाही."

ती ओरडली नाही. भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. मासळी पुन्हा पानात गुंडाळली आणि म्हणाली, "आंद्रू समोरच्या घरी देतो. घरात शिजवत नाही."

मला सांगता आलं असतं की तिला तसं म्हणायचं नाही, ती तुझ्यासाठी दहांतून एक निवडते. मी नुसतं "येते" म्हणाले आणि जिने उतरले. बसमध्ये माझ्या लक्षात आलं की कार्मेलबाय ते वाक्य विसरली होती. आपलं तोंड वाईट होतं हे तिला ठाऊक होतं, सून दुखावली हे ठाऊक होतं, पण नेमकं काय बोलली ते तिच्या लक्षात नव्हतं. दिवसाला असे दहा विनोद तिच्या तोंडून जात होते. लक्षात होतं ते प्रिस्काच्या, आणि माझ्या.

मी महिनाभर गप्प राहिले. रोज एक ओळ वाचायची आणि रोज वाटायचं, आज सांगावं. पुन्हा फुलपाड्याला जायचा दिवस आला. कार्मेलबायने टोपलीतून बोय काढल्या आणि एकेकीचं पोट दाबायला लागली. एक बोय उचलून मला दाखवली. "ही बघ. अशी यंदा आली नव्हती. प्रिस्काला आवडंल."

माझ्या मांडीवर बायबल उघडं होतं. ती म्हणाली, "वाच गो आधी, मग बांधते."

मी पानावर बोट ठेवलं. अक्षरं दिसत नव्हती. मी वाचायला लागले तसं बोलायला लागले, त्याच आवाजात, मान खाली घालून. "कार्मेलने अंगणात सुका बोंबील हातात धरला आणि म्हणाली, सुकलेल्या बोंबलाच्या पोटात गाभोळी शोधतोय आमी. तेव्हा तिची सून पानी घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. आनि मंग कार्मेल दरवर्षी तिला गाभोळी पाठवू लागली. आनि सुनेला वाटलं, सासू तेच पुन्हा बोलते."

बाजूला कुणीतरी कोयत्याने मासळी कापत होतं.

"हे पुस्तकात नाय," कार्मेलबाय म्हणाली.

"नाय. हे माझं हाय."

"तू होतीस तिथं?"

"होते. मी तिला बघितलं पन होतं. मी बोलले नाय."

मला वाटलं आता ती मला फाडून खाईल. तिने थर्मास जवळ ओढला, झाकण उघडलं, खडा हातात घेतला. तो तिच्या मुठीतच विरघळला, पाणी मनगटावरून लुगड्यावर गेलं. मग तिने ती बोय विकायच्या ढिगात ठेवली. पहिलंच गिऱ्हाईक ती घेऊन गेलं. दिवसभर ती भाव सोडून काही बोलली नाही. दुकान आवरताना म्हणाली, "आज नको जाऊ. उद्या मीबी येते तुझ्यासंगं."

फुलपाड्याला जाताना बसमध्ये तिने खिडकीची जागा घेतली. हातात काही नव्हतं. टोपली नाही, पिशवी नाही, थर्मासही नाही. हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं, सारखी मांडीवरून हलवत होती. मी विचारलं, "एखादी ओळ वाचू?" पुस्तक मी आणलं होतं. ती म्हणाली, "नको गो. पौलाला आज घरी बसूदे."

इमारतीला लिफ्ट नाही. दर मजल्यावर थांबत, कठडा धरत ती चढली. दुसऱ्या मजल्यावर मला म्हणाली, "तू हितंच थांब. तू आलीस तर मी तुलाच बोलायला लावीन." मी थांबले. तिथून वरचं दार आणि दाराबाहेरची थोडी जागा दिसत होती.

तिने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि बेल वाजवली. प्रिस्काने दार उघडलं. दोघी उभ्या राहिल्या. प्रिस्काने तिच्या हातांकडे बघितलं.

"आज काय आनलं नाय," कार्मेलबाय म्हणाली. एवढा हळू आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "बोंबलाचं मी बोलले होते. माझ्या ध्यानात नव्हतं. ध्यानात नव्हतं हे तर अजून वाईट. ती तुझी तीन लेकरं होती, माझी नातवंडं होती. मी त्यांच्यावर हसवलं लोकांना. गाभोळी मी चांगली म्हनून पाठवत होते, पोरी. मना तेवढंच कळत होतं."

खाली कुणीतरी रिक्षा चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती.

"मला आज याला काही उत्तर देता येणार नाही," प्रिस्का म्हणाली.

"नको देऊ."

"मी अकरा वर्षं..." आणि ती थांबली.

"बोल. मी ऐकते. माझी सवय झालीय आता, गप बसायची."

प्रिस्का दार धरून उभी होती. मला वाटलं, आता लावून घेईल. कार्मेलबायलाही तसंच वाटलं असावं, कारण ती वळायला लागली. तेव्हा प्रिस्का म्हणाली, "चपला आत घ्या. बाहेर राहिल्या तर इथून चोरीला जातात."

कार्मेलबाय त्यानंतर तीनेक वर्षं होती. मार्केटात शेजारी बसली, थर्मास उघडत राहिली. प्रिस्काबद्दल मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. महिन्यातून एकदा मात्र ती दुपारीच दुकान आवरून विरारच्या बसकडे जाई, रिकाम्या हातांनी. तिच्या मातीला प्रिस्का आली होती, बायांत न मिसळता शेवटपर्यंत उभी होती. पण कार्मेलबायची आठवण काढली की मला ते दिसत नाही. मला त्या जिन्यावरची ती दिसते. एवढी मोठी बाई, एक हात भिंतीला लावून हळूहळू वाकली, दुसऱ्या हाताने दोन्ही चपला उचलल्या, छातीशी धरल्या आणि डोकं खाली घालून दारातून आत गेली.